शहाणी बाळंतीण

माझ्या तोंडाची कीर्ती माझ्या आधी सासरी नरपडला पोचली होती. लग्न जमवायला आलेल्या माणसांनी तलासरीत दोन-चार घरी चौकशी केली, तेव्हा एका घरी त्यांना सांगितलं गेलं की पोरगी कामाला चांगली, पण तोंडाने फटकळ. कोणत्या घरी ते मला माहीत आहे, आणि पुढे वेळ आली तेव्हा मी त्यांना ऐकवलंही. तरी सासूबाईंनी होकार दिला. सुकी मासळी घेऊन बाजारात बसायचं तर गिऱ्हाइकापुढे तोंड चालवणारी सून बरी, असा त्यांचा विचार. त्या स्वतः फार बोलत नसत. बोंबील वाळत घालायचे, पालटायचे, टोपलीत भरायचे, कासाच्या बाजाराला जायचं, आणि कोणी विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचं. मी मात्र सकाळी डोळे उघडले की सुरू. नवरा बोटीवर गेला की सासूशी, बोटीवरून आला की त्याच्याशी, आणि दोघंही नसली की कोंबड्यांशी.

आमच्या दोघींच्या भांडणाचा विषय ठरलेला होता, कालवणातलं मीठ. त्यांचा हात कधी सढळ पडायचा, कधी विसरायचा. पहिला घास घेतला की मी बोललेच म्हणून समजा. आज काय अख्खा समुद्र ओतलाय का, नाहीतर आज मिठाचा उपास आहे का. त्या काही न बोलता मिठाची वाटी माझ्यापुढे सरकवायच्या. दोन वर्षं हे असं चाललं होतं आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. त्यांनाही येत असावी, पण चेहऱ्यावरून कधी कळलं नाही.

दोन हजार सोळाच्या थंडीत मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. पण माझी आई मी शाळेत असतानाच गेली. घरी एकटे वडील, ते काय शेक देणार होते की काढा करणार होते? सासूबाई म्हणाल्या, इथेच होऊ दे. डहाणूच्या दवाखान्यात बाळंत झाले आणि तिसऱ्या दिवशी रिक्षातून घरी आले, कान बांधून, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं ते एवढंसं गाठोडं घेऊन. मागच्या खोलीत बाज घातलेली, खिडकीला गोणपाट लावलेलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. सव्वा महिना त्या खोलीतून हलायचं नाही. वाऱ्याला बसायचं नाही, आणि कच्च्या मासळीला तर हातच लावायचा नाही. बाळंतिणीचा हात लागला तर वाळत घातलेली मासळी कुजते आणि बोटीला मासा लागत नाही, असं आमच्याकडे मानतात.

त्या खोलीतले दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो धूर. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग असं काय काय निखाऱ्यांवर पडायचं आणि खोली निळसर व्हायची. कौलांत एक काच बसवलेली होती. तिच्यातून उन्हाचा पट्टा खाली उतरायचा आणि दिवसभर भिंतीवरून सरकत सरकत कोपऱ्यातल्या तांदळाच्या पिंपावर जाऊन संपायचा. मी तो बघत पडायचे. त्या पट्ट्यात धूर हळूहळू वर चढायचा, वळायचा, पुन्हा खाली यायचा. बाहेर समुद्र चालू असायचा, भरतीला जवळ, ओहोटीला लांब. वाडीतल्या चिकूंचा वास यायचा, वाळत्या बोंबलांचा यायचा, आणि धुरात मिसळून दोन्हींचा तिसराच वास व्हायचा. मी झोपले आहे की जागी आहे, हे मला सांगता आलं नसतं. माझेच हात मला लांब वाटायचे. कोणी हाक मारली तर ती माझ्यापर्यंत यायला वेळ लागायचा, आणि आल्यावर ओ देण्याचा कंटाळा यायचा.

आणि त्या सगळ्यात ती होती. कोणीतरी बाजाराला जाताना दोन तास सांभाळा म्हणून ठेवून गेलंय आणि संध्याकाळी येऊन घेऊन जाईल, असंच मला वाटायचं. मी तिचं सगळं करत होते. पाजत होते, पुसत होते, लंगोट बदलत होते. दुसऱ्याचं पोर आहे, नीट परत द्यायला हवं. उन्हाचा पट्टा पिंपावर पोचायचा, खोलीत अंधारून यायचं, आणि कोणी यायचं नाही.

सगळ्या बायका म्हणायच्या, पोर छातीशी आलं की आतून असा उमाळा येतो की बाई, विचारू नको. मी वाट बघत होते. आज येईल, उद्या येईल, पाचवी पुजल्यावर येईल, बारशाला येईल. तिचं नाव ठेवलं, कानात कुर्र केलं, पाळण्याखालून घुगऱ्या वाटल्या. मला काही आलं नाही. माझी भीती एवढी एकच होती आणि ती मी कोणालाही सांगितली नव्हती. हा उमाळा कधीच आला नाही तर? ही पोरगी जन्मभर माझ्याकडे पाहुणी म्हणूनच राहिली तर? आणि हे घरात कळलं तर तिला माझ्याजवळ ठेवतील तरी का?

लोकांना मात्र मी फार आवडायला लागले होते. बाळंतीण बघायला बायका यायच्या, उंबऱ्यातून डोकवायच्या, आणि मी गुमान पडलेली बघून खूश व्हायच्या. किती शहाणी बाळंतीण, म्हणायच्या. काढा दिला की पिते, उठ म्हटलं की उठते, तोंडातून ब्र नाही. एकीने तर सासूबाईंना सरळ विचारलं की हिला काय पाजलंत, आमच्या सुनेलाही पाजते. सगळ्या हसल्या. नवराही त्यातलाच. बोटीवरून आला की दारात उभा राहून विचारायचा, काय, बरं आहे ना? मी मान हलवायचे. तो खूश. मित्रांना म्हणाला म्हणे, बाळंतपणाने बायको सुधारली राव. मला हे ऐकून राग यायला हवा होता. एरवी मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. पण राग कुठे ठेवलाय हेच मला आठवत नव्हतं.

पंचविसावा-सव्विसावा दिवस असेल. दुपारची वेळ, सासूबाई बाजाराला गेलेल्या, नवरा समुद्रात. पोर झोळीत झोपली होती. मी उठले, गोणपाट बाजूला केलं, आणि किती दिवसांनी ऊन डोळ्यांवर आलं. मग मी दारातून बाहेर पडले. ठरवून नाही. वाडीतून चालत गेले, सुरूच्या झाडांतून गेले, वाळूत उतरले. ओहोटी होती. ओल्या वाळूवर आभाळ पडलं होतं आणि मी त्याच्यावरून चालत होते. पाण्याची रेघ फार लांब होती, मी चालत होते, आणि ती तेवढीच लांब राहत होती. फार छान वाटत होतं. खरंच सांगते, त्या सगळ्या दिवसांत तेवढंच छान वाटलं. कशाची आठवण नाही, कशाचं ओझं नाही. घोट्यापर्यंत थंड पाणी आलं तेव्हा मी थांबले आणि मागे बघितलं. किनाऱ्यावरची घरं लहान झाली होती. ती माणसांची घरं आहेत, त्यातलं एक माझं आहे, त्यात बाजेखाली पेटती शेगडी आहे आणि झोळीत एक पोर आहे, हे मला एकेक करून आठवावं लागलं.

मी परत आले तेव्हा ती तशीच झोपलेली होती. शेगडी विझत आली होती. मी पाय पुसले, गोणपाट पूर्ववत लावलं, बाजेवर पडले. कोणालाच काही कळलं नाही. मी किती वेळ बाहेर होते ते मलाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मुशीचं कालवण केलं. मुशी म्हणजे लहानसा शार्क मासा, दूध उतरावं म्हणून बाळंतिणीला देतात. त्यांनी ताट आणून ठेवलं. मी भात कालवला, खाल्ला, हात धुतला, भिंतीकडे तोंड केलं. त्या ताट घेऊन चुलीपाशी गेल्या आणि स्वतः जेवायला बसल्या. थोड्या वेळाने दारात येऊन उभ्या राहिल्या. उष्टा हात तसाच.

"कालवणात मीठ नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो का. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं चिडल्या, पण कशाला ते कळेना. बऱ्याच वेळाने त्या गेल्या. भांडी घासल्याचा आवाज आला नाही, म्हणजे बाई नुसत्याच बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकल्यावर त्यांनी माझ्या अंगावर शाल टाकली, पोर उचलली, झोळीची दोरी खांद्यावर घेतली आणि मला म्हणाल्या, चल. सव्वा महिना व्हायला अजून आठ-दहा दिवस होते. घरापुढे बोंबील वाळत घालायची आमची जागा. बांबू रोवलेले, त्यांना आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर शेकडो बोंबील. त्यांनी दोन बांबूंमध्ये झोळी बांधली, पोर तिच्यात ठेवली आणि ताज्या बोंबलांची टोपली माझ्या पुढ्यात आणून ठेवली. शेजारच्या दोरीपाशी दोघी-तिघी काम करत होत्या. त्यांचे हात थांबले. एक म्हणाली, अगं, ती ओली बाळंतीण आहे, मासळी कुजेल की.

"कुजली तर माझी कुजेल," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

बोंबील जोडीने घालतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. मासा इतका मऊ की जोरात धरला तर हातातच फाटतो. मी तलासरीची, डोंगराकडची. दोन वर्षांत मला हे कधी नीट जमलं नव्हतं आणि त्यावरून माझी भरपूर चेष्टा व्हायची. त्या दिवशीही माझी जोडी सुटून वाळूत पडत होती. सासूबाई उचलायच्या, पाण्यात बुडवायच्या, परत माझ्या हातात द्यायच्या. ऊन कोवळं होतं. वारा आला की सगळ्या दोऱ्या एकदम हलायच्या, ओल्या बोंबलांतून उजेड आरपार जायचा, झोळी आपोआप झुलायची. बाजूच्या बायका घरी गेल्या. आम्ही दोघीच राहिलो, आणि हातात काम होतं म्हणून असेल, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं म्हणून असेल, माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, मला ही हवीशी वाटत नाही."

त्यांचे हात चालूच होते. मग मी समुद्रापर्यंत गेले होते तेही सांगितलं, शेगडीचं सांगितलं, मला पोर आठवलीच नाही हेही सांगितलं. सांगून झाल्यावर मला पुढचं सगळं दिसायला लागलं. आता सासूबाई मुलाला बोलावणार, पोर काढून घेणार आणि मला तलासरीच्या गाडीत बसवणार. मी टोपलीतले बोंबील बघत उभी राहिले.

सासूबाईंनी हातातली जोडी दोरीवर टाकली.

"मलाही तुझा नवरा नको होता," त्या म्हणाल्या.

हे माझ्या नवऱ्याला आजतागायत माहीत नाही. तो काही वाचत नाही, म्हणून लिहायची हिंमत करते आहे. त्या दिवशी बाई जेवढं बोलल्या तेवढं दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या. भर पावसात तो झाला होता. बोटी बंद, घर गळत होतं, आणि पोराकडे बघून त्यांना काहीच वाटत नव्हतं. एक दिवस त्याला घरीच टोपलीत ठेवून त्या डहाणूच्या वाटेने चालायला लागल्या. खाडीच्या पुलाजवळ समोरून एक मासळीवाली आली. तिने यांच्या छातीकडे बघितलं आणि विचारलं, बाई, तुझं पोलकं भिजलंय, पोर कुठे आहे तुझं? त्या परत फिरल्या. घरात कोणाला पत्ता नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

"मीसुद्धा तुझ्यासारखी बडबडी होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा गप्प झाले. सगळ्यांना बरं वाटलं. मग तशीच राहिले."

 या बाईला मी दोन वर्षं घुमी म्हणत होते, तोंडावर. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्या म्हणाल्या की बोंबील सुकतायत टोपलीत, हात चालव.

कासाच्या बाजारात त्यांची एक जुनी गिऱ्हाईक होती, दवाखान्यात नर्स. तिला त्यांनी विचारून ठेवलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी मला आणि पोरीला घेऊन निघाल्या. गावाला वाटलं, सून धंद्याला लागली. डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊनच त्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरल्या. कोणीतरी म्हणालं, टोपली बाहेर ठेवा. त्या म्हणाल्या, बाहेर कुत्री आहेत. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी पोरीचं वजन-बिजन नंतर बघितलं. आधी मला विचारलं, झोप येते का, जेवण जातं का, पोरीला किंवा स्वतःला काही करावं असं मनात येतं का. इतक्या सरळ विचारलं की मीही सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, बऱ्याच बायकांना होतो, बरा होतो. अंगावर पाजत असताना चालतील अशा गोळ्या दिल्या आणि सासूबाईंना बजावलं की हिला एकटी ठेवायची नाही, खोलीत उजेड-वारा येऊ द्यायचा, आणि दिवसातून काही तास पोर दुसऱ्या कोणीतरी घ्यायची, म्हणजे ही सलग झोपेल. तो दुसरा कोणीतरी म्हणजे तिचा बाप, हे सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो ओट्यावर बसून राहिला. म्हणाला, मला वाटलं तू शांत झालीस. मग म्हणाला, मला कळायला हवं होतं. मी त्याची समजूत घातली नाही, तेवढं बळ नव्हतं. पण बोटीवरून आला की पोरीला घेऊन वाडीत हिंडायला लागला आणि मी खिडकी उघडी टाकून झोपायला लागले. गोणपाट सासूबाईंनी काढून टोपलीखाली घातलं. झोपेत समुद्र यायचा, पण आता मी त्याच्यावरून चालत नसे, नुसती ऐकायचे. एखादा दिवस चांगला जायचा, मग तीन वाईट. गोळ्या चालू होत्या, दर पंधरा दिवसांनी कासा चालू होतं. भूक परत आली. हसू परत आलं, तेही नको तिथे. फक्त ती पोरगी माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायचे, आणि मधे काहीतरी हवं होतं ते नसायचं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वेळ लागतो, घाई करू नका. घाई कोण करत होतं? मी घाबरले होते.

चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेचे दिवस आले. तेव्हा कासाहून येणाऱ्या जीपला माणसं बाहेर लोंबकळत असतात. आम्ही दोघी मधल्या सीटवर चेपून बसलो होतो, पोर माझ्या मांडीवर. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या एका माणसाने बिडी पेटवली. धूर सरळ मागे. पोर खोकली.

"माझ्या पोरीच्या तोंडावर धूर सोडतोस?" मी म्हटलं, आणि मग कशाला थांबते. त्याला बोलले, ड्रायव्हरला बोलले, त्याने इतकी माणसं का कोंबली म्हणून बोलले. मराठी पुरेना तेव्हा गुजरातीत सुरू केलं, आमच्या तलासरीकडची गुजराती, ती भांडायला फार सोयीची. त्याने बिडी टाकली तरी मी डहाणू येईपर्यंत बोलतच होते. उतरताना कोणीतरी म्हणालं, बाई आहे की तोफ.  घरी आलो, जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओट्यावर बसून बोंबलांची डोकी मोडत होतो. पोर माझ्या मांडीवर लोळत होती. जे कितीतरी दिवस विचारायचं होतं ते मी विचारलं. तुम्हाला तो हवासा कधी वाटायला लागला?

त्यांनी खरंच आठवून बघितलं. म्हणाल्या, एकदा कालवण वाढलं आणि बघितलं तर माशाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात. मीच घातला असणार, वाढायला दुसरं होतं कोण?

किती मोठा होता तेव्हा, मी विचारलं. चालायला लागला होता, त्या म्हणाल्या. मी बोटांवर मोजलं. म्हणजे वर्ष, सव्वा वर्ष. मी विचारलं, मग मलाही तेवढं थांबावं लागेल का?

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ही काय खुळी आहे अशा नजरेने.

"तुझं काल झालं," त्या म्हणाल्या. "जीपमध्ये. तू भांडत होतीस म्हणून तुला कळलं नाही."

मी खाली बघितलं. पोरीच्या नाकाला शेंबूड आला होता आणि माझ्या हातांना बोंबलांचा वास होता. मी तिचं नाक पदराने पुसलं, आणि मग मला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने, रस्त्यावरून जाणारे थांबून बघतील इतकं.